बारा फुटांचं स्वीडन

त्या गावाचं नाव या घरात काढायचं नाही, असा फतवा मी जानेवारीतच काढला होता. किरुना! नाव काय, गाव काय! स्वीडनच्या पार वरच्या टोकाला, जिथं डिसेंबरात दोन-तीन आठवडे सूर्य तोंडसुद्धा दाखवत नाही. लोखंडाची खाण खालून पोखरत आलीय म्हणून अर्धं गाव उचलून तीन किलोमीटर बाजूला नेताहेत, असलं ते गाव. आणि माझी एकुलती एक लेक नैना, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये जन्मलेली, वाढलेली, लग्न करून तिथं राहायला जाणार म्हणे.

तिचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. "आई, गेस व्हॉट! योनास आणि मी स्वीडनला मूव्ह होतोय. किरुना नावाचं टाउन आहे, अँड आय ॲम सो एक्सायटेड, ऐक ना..." पुढचं मी ऐकलंच नाही. होणारा जावई योनास स्वीडनचा, गाव स्वीडनचं, पुढचं गणित मला येत होतं. त्याला तिकडं नोकरी लागली असणार आणि ही निघाली त्याच्या मागं. मी एवढी चिडले, एवढी चिडले, की तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली. "जायचं तर जा, मला सांगू नकोस," म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

श्रीरंग, माझा नवरा, शांत माणूस. त्यानं दोनदा तोंड उघडून पाहिलं. "लतिका, तू तिचं ऐकून तरी..."

"अहो, नाव काढायचं नाही म्हटलं ना?"

मग तोही गप्प. नैना फोनवर साड्यांचं बोलायची, हॉलचं बोलायची, त्या गावाचं नाही. योनास दर रविवारी तिच्याबरोबर जेवायला यायचा, आमटी दोनदा मागून घ्यायचा, जेवल्यावर न सांगता भांडी घासायचा, पण किरुनाचा क काढायचा नाही. पोरगा गुणी आहे, त्यात वाद नाही. पण गुणी झाला तरी चोर तो चोरच. माझी मुलगी चोरून जिथं दिवस उगवत नाही तिथं नेणार होता.

आता मी काय हातावर हात ठेवून बसणारी आहे होय? मी अख्ख्या स्वीडनचा अभ्यास केला. दहावीला भूगोलात पस्तीस मार्क मिळवलेली मी, पण आता मला झोपेतून उठवून विचारा, स्टॉकहोमच्या खाली काय, उप्सालाच्या वर काय. त्यातून, आणि योनासला जेवताना खोदून खोदून विचारून, मला कळलं ते असं: योनासचे आईवडील गोथेनबर्गला राहतात. देशातलं दोन नंबरचं शहर. समुद्र आहे, ट्राम आहे, चांगला विमानतळ आहे, तूरडाळ मिळणारी दुकानं आहेत. त्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. आणि योनास शिकागोला यायच्या आधी तिथल्याच एका कंपनीत होता, ती कंपनी त्याला परत घ्यायला एका पायावर तयार! मग हा मुलगा सुखाचा जीव दुःखात घालायला त्या बर्फात का निघालाय?

"त्याला त्याच्या गावाची आठवण करून द्यायला हवी," मी रत्नाला म्हटलं. रत्ना शॉमबर्गला असते, पुण्याची, माझी तीस वर्षांपासूनची मैत्रीण. "आईच्या डोळ्यांत पाणी आलं की मुलगा कितीही गोरा असो, विरघळतोच."

"आणि ते पाणी आणणार कसं?"

"रुखवतातून," मी म्हटलं.

रत्ना जी हसत सुटली! पण कामाला तीच आधी लागली. लग्नात मुलीकडचे रुखवतात काय मांडतात? तुळशीवृंदावन, सप्तपदीची पावलं, फार तर बैलगाडी. आम्ही स्वीडन मांडायचं ठरवलं. सहा फुटांची दोन टेबलं जोडून बारा फुटांचा देश, आणि त्यावर सगळी शहरं फराळाची.

मे महिन्यातले तीन वीकएंड माझ्या बेसमेंटमध्ये नुसती धमाल. आमच्या मराठी मंडळातल्या सहाजणी येऊन बसल्या. स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलंय, म्हणून चौदा बेसनलाडू, वर चांदीचा वर्ख. उप्सालाच्या कॅथेड्रलचे दोन मनोरे चकल्यांवर चकल्या रचून. माल्मोपासून समुद्रावरून पूल निघतो तो शेंगदाण्याच्या चिक्कीचा, आणि पलीकडं डेन्मार्क म्हणून एकच बालुशाही, कारण डेन्मार्कशी आपल्याला काय देणंघेणं? व्हिसबीची जुनी तटबंदी शंकरपाळ्यांची. फालूनची लाल घरं नारळाच्या वड्यांची. यॉनशॉपिंग काडेपेट्यांसाठी प्रसिद्ध, म्हणून तिथं शेवेच्या काड्या आणि टोकाला लाल साखरेचा ठिपका. "नावातच शॉपिंग आहे ग, मी इथंच राहीन," असं रत्नानं जाहीर केलं.

आणि गोथेनबर्ग! गोथेनबर्गमध्ये मी जीव ओतला. बंदरात एकवीस करंज्यांच्या होड्या, निळ्या-पांढऱ्या वड्यांच्या ट्रामगाड्या, अनारशांचं स्टेडियम. स्टॉकहोमपेक्षा दुप्पट मोठं झालं. झालं तर झालं, नकाशा माझा आहे.

"आणि वर?" रत्नानं विचारलं. "उमेओच्या वर अजून बराच देश शिल्लक आहे, लतिका."

"टेबल संपलं," मी म्हटलं. उमेओला बर्चची झाडं म्हणून पांढऱ्या कुरडया उभ्या केल्या आणि कापड तिथंच दुमडून खाली खोचलं. किरुना नाहीच. माझ्या स्वीडनमध्ये ते गावच नाही!

लग्न जूनमधल्या एका शनिवारी, शॉमबर्गच्या एका हॉलमध्ये. मुहूर्त अकरा सतराचा. आमंत्रणावर नऊ लिहिलेलं, म्हणून स्वीडनचे एकोणीस पाहुणे पावणेनऊला दारात हजर. आमच्यापैकी तोवर फक्त मी, रत्ना आणि केटरर परीक्षित. उतावळा नवरा ऐकला होता, पण इथं अख्खं वऱ्हाडच गुडघ्याला बाशिंग बांधून आलेलं. योनासच्या आईला, बिर्गिताला, मी याआधी व्हिडिओ कॉलवर दोनदाच भेटले होते. दोन्ही वेळा हवा कशी आहे हे बोलून झालं आणि दोघी दात दाखवून हसलो. उंच, पांढरे बारीक केस, अंगावर हिरवी पैठणी, तीही उलट्या खांद्यावर पदर घेऊन. मी पुढं होऊन तिचा पदर सरळ केला आणि सगळ्यांचं चहापाणी उरकल्यावर, दहाच्या सुमारास, हात धरून तिला थेट रुखवताकडं नेलं.

ती बघतच राहिली. मग एकेका शहरावर बोट ठेवत मोठ्यांदा नावं घ्यायला लागली. मागं सगळे पाहुणे गोळा झाले, कुणी उप्सालाचा, कुणी माल्मोचा, प्रत्येकजण आपलं गाव शोधून ओरडतोय, फोटो काढतोय. एका काकांनी तर डेन्मार्क उचलून तोंडात टाकलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बिर्गिता गोथेनबर्गपाशी आली. ट्रामला हळूच बोट लावलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

जिंकले! मनातल्या मनात मी उडीच मारली. रत्नानं लांबून अंगठा दाखवला.

बिर्गितानं मला घट्ट मिठी मारली आणि कानात इंग्रजीत म्हणाली, "थँक यू, लतिका. तुम्हीसुद्धा तिला अडवायचा प्रयत्न करताय, हे मला माहीतच नव्हतं."

"कुणाला?"

"नैनाला. मी जानेवारीपासून योनासला सांगतेय, गोथेनबर्गला या, वरचा मजला रंगवून ठेवलाय. तो म्हणतो, नैनाचं काम किरुनात आहे, ती जाईल तिथं मी जाणार. नोकरीसुद्धा सोडली त्यानं. आमच्या घरापासून ते गाव दीड हजार किलोमीटरच्या वर आहे हो! तुमची मुलगी खूप गोड आहे. पण माझा मुलगा घेऊन चालली आहे."

माझी मुलगी? नेणारी माझी मुलगी? इतके महिने मी ज्याला चोर समजत होते तो बिचारा स्वतःच चोरीला गेलेला माल निघाला!

तेवढ्यात नैनाच आली. पिवळी अष्टपुत्री, हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या. गौरीहरापाशी बसायच्या आधी रुखवत बघायचंय म्हणून पळत आलेली. "ओ माय गॉड, आई! हे तू केलंस? माल्मो! व्हिसबी!" टेबलाच्या कडेकडेनं ती वर वर सरकत गेली. उमेओपाशी पोचली, कुरडयांपाशी थांबली, दुमडलेलं कापड पाहिलं. "आई, किरुना कुठाय?"

मी बिर्गिताकडं पाहिलं. बिर्गितानं छताकडं पाहिलं.

"नैना, त्या गावात तुझं काम आहे?" मी विचारलं.

"म्हणजे? तुला माहीत नव्हतं?" ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "आई, मी जुन्या बिल्डिंग्ज न तोडता हलवायचं काम करते. सात वर्षं तेच करतेय. आणि जगात सध्या त्याच्यासाठी किरुनासारखी जागा नाही. मागच्या ऑगस्टमध्ये त्यांनी तिथलं अख्खं लाकडी चर्च उचलून नेलं, सहाशे सत्तर टन, रस्त्यानं पाच किलोमीटर, एक काच फुटली नाही. आता जुनी घरं हलवायची आहेत. दोनशे लोकांनी अप्लाय केलं आणि त्यांनी मला घेतलं. मिळालं तर दोघांनी जायचं हे ठरलंच होतं, पण मी पहिला फोन तुला केला होता. योनासच्याही आधी. तू फोन ठेवलास."

पहिला फोन मला! आणि मला पोळीची पडली होती. लाज वाटली हो, खरंच लाज वाटली. श्रीरंगच्या मागं मी चौऱ्याण्णव साली इथं आले तेव्हा नेपरव्हिल कुठं आहे हेसुद्धा विचारलं नव्हतं. बायको नवऱ्याच्या मागं जाते, एवढं एकच गणित मला येत होतं, आणि तेच मी माझ्या इंजिनिअर मुलीला लावून मोकळी झाले. तिच्या आयुष्यातली एवढी मोठी बातमी, आणि ती आईच्या कानात शिरायला पाच महिने लागले.

"मुलगी गौरीहरापाशी पाठवा! वेळ होतोय!" आतून गुरुजी ओरडले.

"जा, पूजेला बस," मी म्हटलं. "किरुना मुहूर्ताच्या आत होईल."

"आता? कसं काय?"

"जा म्हटलं ना!"

दहा पंचवीस झाले होते. मी पदर खोचला आणि किचनमध्ये घुसले. रत्नानं लहान मुलांच्या कोपऱ्यातलं एक छोटं टेबल ओढून उमेओच्या वर लावलं, त्यावर पांढरं कापड घातलं. पण गाव कशाचं करायचं? फराळ सगळा खाली दक्षिणेत संपलेला. फोनवर त्या चर्चचा फोटो शोधला तर ते चांगलं लालभडक आणि तंबूसारखं उतरत्या छपराचं. परीक्षित नाश्त्याचे बीटाचे कटलेट तळत होता.

"दे इकडं ते," मी म्हटलं.

"काकू, दीडशे माणसं यायचीत!"

"शंभर जणांना एकेक कमी वाढ. हे चर्च आहे, चर्च!"

त्यानं कपाळावर हात मारला, पण दिले. एका मोठ्या परातीत कटलेटच्या भिंती चढायला लागल्या. चिकटवायला काय? समोर श्रीखंडाचं पातेलं. "शी! लतिका!" रत्ना किंचाळली, पण तिनंच पहिलं कटलेट श्रीखंडात बुडवलं. बिर्गिता आत आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली, मग पैठणीचा पदर कमरेला खोचून पापडांचं छप्पर बसवायला लागली. तिला ते गाव नको होतं, मलाही नको होतं. पण दोघींचे हात असे चालले होते, जणू आम्हालाच तिथं राहायला जायचंय. दहा पन्नासला चर्च उभं राहिलं, चांगलं दीड फूट उंच.

आणि मग घात झाला. मी आणि श्रीरंगनं परात उचलली, दोन पावलं टाकली आणि सगळं चर्च माझ्या बाजूला झुकलं. दोन पापड घसरले. "अहो, वर करा! वर!" "तू खाली कर!" आम्ही दारात अडकलो, ना पुढं जाता येईना ना मागं. परीक्षित देवाचं नाव घेत होता.

"थांबा! कुणी हलू नका!"

गौरीहराच्या खोलीच्या दारात नैना उभी. हातात अक्षता तशाच. मागून गुरुजी, "अगं, पूजेवरून उठू नये!" पण ऐकतो कोण? ती आली, खाली वाकून परातीच्या बुडाकडं पाहिलं, एका क्षणात तिचा चेहराच बदलला. एवढी शांत, एवढी पक्की नैना मी आधी पाहिलीच नव्हती.

"आई, वजन सगळं तुझ्या साइडला आहे. उचलताना मधोमध नव्हतं. बाबा, तुम्ही तसेच राहा. लेनार्ट, कम हिअर." योनासचे वडील धावत आले. "बिर्गिता, तुम्ही चौथा कोपरा घ्या. रत्नामावशी, पोळपाट दे." पोळपाट परातीखाली सरकवून तिनं दोन बोटांनी सारखा केला. "आता सगळ्यांनी माझ्याकडं बघायचं, चर्चकडं नाही. मी सांगेन तेव्हाच पाऊल. रेडी? लिफ्ट."

परात उठली. सरळ, जशी काही जमिनीवरच आहे.

"स्टेप. स्टेप. थांबा. बाबा, अर्धा इंच खाली. आई, श्वास घे ग! स्टेप."

आम्ही हॉलमध्ये आलो तर दीडशे माणसं चिडीचूप. दोन्हीकडं रांगा झाल्या, मधून आमची वरात. नैना आमच्यापुढं उलटी चालतेय, मुंडावळ्या हलताहेत, हात हवेत असे धरलेले की चौघांचे हात जणू तिच्याच दोऱ्यांनी बांधलेत. कार्पेटची कड आली. तिनं लांबूनच पाहिली. "पुढं उंचवटा आहे. आधी लेनार्ट आणि आई. आता बाबा, बिर्गिता. सुंदर! स्टेप." माझे दंड भरून आले होते, घाम डोळ्यांत जात होता. हे करते माझी मुलगी! रोज हे करते, घरंच्या घरं उचलून, आणि मी सात वर्षांत एकदा विचारलं नाही की ऑफिसात तू नेमकं काय करतेस बाई.

"डाउन. हळू. हळू. सोडा."

किरुना टेबलावर बसलं. एक पापड पडला नाही, एक कटलेट हललं नाही. क्षणभर कुणाला कळलंच नाही की झालं, आणि मग जो आरडाओरडा झाला! स्वीडनचे काका शिट्ट्या मारताहेत, आमची मंडळातली माणसं गणपती बसवल्यासारखी मोरया मोरया करताहेत. नैना माझ्याकडं वळली, गाल लालबुंद. "आई, पाहिलंस?"

"पाहिलं," मी म्हटलं. "अगं, काय कमाल आहेस तू! जा. खरंच जा तिकडं. नाही गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

ती माझ्या गळ्यात पडली. गुरुजी घड्याळ दाखवत होते, तेव्हा तिला ओढूनच परत गौरीहरापाशी बसवली. अकरा सतराला अंतरपाट दूर झाला. योनासनं हार घालायच्या आधी इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "एवढं मोठं काय झालं बाहेर?" त्याला खोलीतून बाहेर यायची परवानगीच नव्हती ना.

पाठवणी दुपारी चारला. पाठवणी म्हणजे काय, पार्किंग लॉटपर्यंत. सगळ्या बायका रुमाल काढून माझ्याभोवती जमल्या, आता लतिका रडणार म्हणून. मला रडूच येईना! नैना गाडीच्या दाराशी उभी राहून रत्नाला खाणीचं, बर्फाचं, घरं उचलायच्या जॅकचं सांगत होती आणि आनंदानं नुसती फुलली होती. तिला मी काय सांगणार? माझ्या आईनं मला निरोप देताना जे म्हटलं होतं ते हिला म्हणायला माझी जीभ रेटेना. हिला कुणी कुणाच्या घरी दिलेलीच नव्हती.

मग मला योनास दिसला. बाजूला, एकटा, आईची बॅग हातात धरून. नोकरी सोडली होती पोरानं, गाव सोडलं होतं, रंगवलेला वरचा मजला सोडला होता, आणि एका शब्दानं कुणाला बोलला नव्हता. मी त्याच्यापुढं गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यासाठी त्याला चांगलंच वाकावं लागलं.

"दिल्या घरी सुखी राहा, बाबा," मी म्हटलं.

बायकांमध्ये हशा पिकला. योनासला काही कळलं नाही, पण तो "हो, आई," म्हणाला. शेजारी बिर्गिता उभी होती. तिनं अर्थ विचारला, मी सांगितला, आणि हेही सांगितलं की आमच्याकडं हे मुलीला म्हणतात. ती आधी हसली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. आजवर मी शंभर तरी लग्नं पाहिली असतील, पण पाठवणीला मुलाची आई रडताना पहिल्यांदाच पाहत होते.